वाहता कान, त्याचे औषध आणि मुके प्राणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून मी लेण्यांतील दानलेखांवर अथवा महाडच्या सत्याग्रहावर लिहीन, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर बोलायला मला निमित्त लागत नाही, हे माझे विद्यार्थी जाणतातच. या वेळी मात्र मी कानाविषयी लिहिणार आहे. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु साधन तपासल्याशिवाय विधान करू नये ही शिस्त इतिहासाने मला लावली, आणि तीच बरोबर घेऊन गेली काही वर्षे मी या विषयाचे वाचन करीत आलो आहे. त्यामागचे कारण आधी सांगतो.

आपल्या वसतिगृहात राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना उशीच्या अभ्र्यावरचा तो पिवळट डाग आठवत असेल. दरवर्षी दहा-वीस मुलांचे कान वाहत. घरून येताना आई कापसाचा बोळा देई, कोणी लसूण घालून कोमट केलेल्या तेलाची बाटली देई. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आठवीत होता. त्याचे नाव लिहीत नाही. तो आज स्वतः दोन मुलांचा बाप आहे आणि त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मी तेव्हा वसतिगृहाचा अधीक्षकही होतो. तालुक्याच्या गावातील एका औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांची चिठ्ठी न घेता, त्याच्यासाठी कानाचे थेंब आणले गेले. त्यांत निओमायसिन होते. रोज रात्री प्रार्थनेनंतर ते थेंब मी माझ्या हाताने त्याच्या कानात घालीत असे. पंधरवड्यात कान कोरडा झाला. पुन्हा वाहू नये म्हणून मी आणखी एक बाटली आणवली, मग आणखी एक. संपूर्ण सत्रभर ते चालले. मी फार निष्ठेने केले, हेच आज खटकते.

दहावीच्या वर्षी श्रुतलेखनात तो ‘सात’च्या जागी ‘हात’ लिहू लागला. मी त्याला रागावलो. दोन वेळा मागच्या बाकावर उभेही केले, जिथून त्याला आणखीच कमी ऐकू येत असणार. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची श्रवणचाचणी झाली. पडद्याला छिद्र असल्यामुळे जेवढे कमी ऐकू यावे तेवढे येतच होते. पण त्याखेरीज आतल्या कानाचीही हानी झालेली होती, आणि ती उंच पट्टीच्या आवाजांत अधिक होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी शांतपणे विचारले, ‘‘कोणते थेंब घातले होते?’’ त्या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले.

आता थोडी शरीररचना. पडद्याच्या आत जी हवेची लहानशी पोकळी असते तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा तीन इवल्या हाडांची साखळी तेथे आवाजाची कंपने आतल्या कानाकडे पोहोचवते. ही पोकळी घशाच्या वरच्या भागाशी एका नळीने जोडलेली असते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी झाली की नाकातील जिवाणू सहज मध्यकर्णात चढतात. तेथे पू साठतो, ठणका लागतो, कधी पडदा फाटून पू बाहेर येतो. यालाच आपण ‘कान फुटला’ म्हणतो. बहुतेकदा हा पडदा भरूनही येतो. भरून आला नाही आणि कान आठवडेच्या आठवडे वाहत राहिला तर तो जुनाट आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात अशा वाहत्या कानांच्या माणसांची संख्या साडेसहा कोटींपासून तेहेतीस कोटींपर्यंत असावी असा अंदाज दिला आहे आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांची श्रवणशक्ती लक्षणीय प्रमाणात घटलेली असते, असे म्हटले आहे. हा आजार दाटीवाटीने राहणाऱ्या, पुरेसे अन्न आणि वेळेवर डॉक्टर न मिळणाऱ्या वस्त्यांचा आहे. म्हणजे तो कोणाच्या मुलांचा आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणते औषध या पोकळीतील जिवाणू मारते, आणि मारताना कानाला इजा तर करीत नाही ना, हे ठरवायचे कसे? आजारी मुलाच्या पडद्यातून रोज सुई घालून आतला पू तपासणे शक्य नाही. आतल्या कानातील पेशी मोजायच्या तर कान कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. म्हणून हे काम प्राण्यांवर केले गेले.

प्राणी कोणता निवडावा, हाच येथे पहिला आणि अवघड प्रश्न असतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना प्राणघातक जिवाणू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. औषध दिलेले जिवंत होते. त्या दिवशी फ्लोरींनी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर? गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल पेनिसिलिनमुळे बिघडतो आणि तो प्राणी त्यानेच दगावू शकतो. मग हे औषध विषारी म्हणून बाजूला ठेवले गेले असते का, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आहे. इतिहासात ‘असे झाले असते तर’ या प्रश्नाला फारसा मान नसतो. परंतु एका प्राण्याची साक्ष माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

मध्यकर्णाच्या संशोधनात हा साक्षीदाराचा मान प्रामुख्याने चिंचिला या प्राण्याला मिळाला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच उतारांवर राहणारा हा सशाएवढाही नसलेला, दाट मऊ लोकरीचा कृंतक प्राणी. त्याच्या लोकरीपायी माणसाने त्याला रानातून जवळजवळ नाहीसा केला. पाळीव पिंजऱ्यांत तो वाढला आणि तेथून प्रयोगशाळेत आला. त्याची मध्यकर्णाची पोकळी डोक्याच्या मानाने फार मोठी असून तिच्यावरचे हाड कागदासारखे पातळ असते. त्यातून बारीक सुई सहज आत जाते. त्याची श्रवणमर्यादा माणसाच्या जवळपास जाते. शिवाय हा आजार त्याला आपणहून सहसा होत नाही. त्यामुळे प्रयोगात जे दिसते ते प्रयोगामुळेच, असे म्हणता येते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्कॉट गीबिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये न्यूमोकोकस या जिवाणूने चिंचिलाच्या कानात होणाऱ्या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १९८० मध्ये त्याच गटाने दाखवले की नाकात नुसता जिवाणू सोडला तर थोड्याच प्राण्यांचे कान बिघडतात, नुसता फ्लूचा विषाणू सोडला तर त्याहूनही कमी, पण दोन्ही एकत्र सोडले तर बहुसंख्य प्राण्यांचे कान पुवाने भरतात. ‘आधी सर्दी, मग कान’ हे आपल्या आज्यांचे निरीक्षण होते. त्याची कारणमीमांसा येथे मिळाली.

औषधाच्या चाचणीची रीत साधारण अशी असते. प्राण्याला भूल देऊन मोजक्या संख्येने जिवाणू कानात सोडतात. आजार स्थिरावला की चिठ्ठ्या टाकाव्यात तसे प्राण्यांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेले द्रव, कधी तिसऱ्याला जुने प्रचलित औषध. दुसरा गट अत्यावश्यक असतो, कारण काही कान काहीही न करता आपोआप बरे होतात. तो गट नसेल तर लसणाच्या तेलालाही यशाचे श्रेय मिळेल. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ते मिळतच आले आहे. मग ठरावीक दिवशी पडदा पाहतात, सुईने आतला द्रव काढून त्यातील जिवाणू मोजतात, त्याच द्रवात औषध किती उतरले आहे तेही मोजतात. डोक्याला तारा लावून आवाजाला मेंदूतून येणारा प्रतिसाद नोंदवतात. म्हणजे प्राण्याला विचारल्याशिवाय तो किती ऐकतो ते समजते. शेवटी बहुतेक प्राण्यांना मारले जाते आणि त्यांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. हे वाक्य गाळून पुढे जाणे सोपे होते, पण मग हा लेख लिहिण्यात अर्थ उरला नसता.

अशा मोजणीतून हाती आलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाच्या उपयोगाची आहे. अमॉक्सिसिलिनच्या कुळातील औषधे एकदाच भरपूर दिल्याने अधिक काम करीत नाहीत. जिवाणूला रोखण्यास पुरेल एवढे औषध दोन मात्रांमधील काळाच्या साधारण ४० ते ५० टक्के वेळ शरीरात टिकून राहावे लागते. प्राण्यांत हे आढळले आणि मुलांच्या कानातील द्रव तपासल्यावर त्यास दुजोरा मिळाला. ‘सकाळची गोळी चुकली म्हणून रात्री दोन दिल्या’ हा आपल्याकडील हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. आमच्या वसतिगृहात तो सर्रास चालत असे.

आता त्या थेंबांकडे वळतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पुढच्याच वर्षी क्षयाची लागण केलेल्या गिनीपिगवर ते यशस्वी ठरले आणि क्षयाचे रोगी वाचू लागले. परंतु काही रोग्यांना चक्कर येऊ लागली, तोल जाऊ लागला. हे औषध आतल्या कानाला बाधते, हे लवकरच स्पष्ट झाले. १९४९ मध्ये आलेले निओमायसिन हे त्याच कुळातले, आणि श्रवणाच्या दृष्टीने अधिक घातक. ते इंजेक्शनने देणे मागे पडले, पण कानाच्या थेंबांत ते राहिले. कारण बाहेरच्या कानातून ते रक्तात जात नाही असा विश्वास होता. प्रश्न होता पडद्याला छिद्र असलेल्या कानाचा. मध्यकर्ण आणि आतला कान यांच्यामध्ये ‘गोल खिडकी’ नावाचे एक छिद्र असते, त्यावर पातळ पापुद्रा असतो. गिनीपिग आणि चिंचिला यांच्या मध्यकर्णात ही औषधे सोडल्यावर ती या पापुद्र्यातून आत झिरपली आणि शंखासारख्या वळणदार नळीतील केशपेशी मरू लागल्या. आधी मरतात त्या तिच्या तळाच्या, म्हणजे उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या. ‘स’, ‘श’ हे ध्वनी त्याच पट्टीत येतात. कोंबडीच्या पिलात या पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत.

हे वाचले तेव्हा ‘सात’ आणि ‘हात’ माझ्या डोळ्यांपुढे आले. तरीही साधनांची दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. अनेक कानतज्ज्ञांनी ही निरीक्षणे मान्य करूनही सांगितले की आम्ही वर्षानुवर्षे हे थेंब देत आलो आणि बहिरेपण क्वचितच पाहिले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. माणसाच्या गोल खिडकीचा पापुद्रा या प्राण्यांच्या पापुद्र्याहून कितीतरी जाड असतो, ती खिडकी एका खोल कोनाड्यात असते, आणि आजारी कानात सूज व पू यांचा थर तिला आणखी झाकतो. म्हणून खरा धोका असतो तो कान कोरडा झाल्यावर, सूज उतरल्यावरही थेंब चालू ठेवण्यात. नेमके तेच मी केले होते. त्या मुलाची हानी त्या थेंबांनीच झाली, की जुनाट पुवानेही थोडीफार झाली, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही.

या प्रयोगांमुळे शोध सुरू झाला तो कानाला न बाधणाऱ्या थेंबांचा. ऑफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधांनी प्राण्यांच्या केशपेशींना तशी इजा केली नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने छिद्र असलेल्या कानासाठी ऑफ्लॉक्सासिनच्या थेंबांना मान्यता दिली. गंमत अशी की याच कुळातील औषधे मुलांना पोटातून देण्याबाबत डॉक्टर फार सावध राहिले, तेही एका प्राणिप्रयोगामुळेच. कुत्र्याच्या पिलांना ती दिल्यावर त्यांच्या सांध्यांच्या कूर्चेला इजा झालेली दिसली होती. ज्या मुलांना पुढे अन्य गंभीर आजारांत ही औषधे देणे भाग पडले त्यांच्यात तशी हानी व्यापक प्रमाणात दिसली नाही. म्हणजे गिनीपिगने वाजवलेली धोक्याची घंटा आपण उशिरा ऐकली आणि कुत्र्याच्या पिलांनी वाजवलेली कदाचित गरजेपेक्षा जास्त ऐकली. पुरावा वाचणे हे असेच असते, मग तो शिलालेख असो वा केशपेशी.

चिंचिलाच्या कानाने आणखी एक कोडे उलगडले. मुलांच्या कानातील द्रवात कित्येकदा जिवाणू वाढवून पाहिले तर वाढत नसत, आणि औषध देऊनही आजार परत येई. २००२ मध्ये चिंचिलाच्या मध्यकर्णाच्या अस्तरावर जिवाणू एका चिकट थराखाली वसाहत करून राहतात असे दिसले. २००६ मध्ये मुलांच्या कानांतही तसाच थर सापडला. त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. २०१६ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी पडद्यावर एकदाच सोडायचे एक द्रव तयार केले. ते ऊब लागताच घट्ट होते आणि अखंड पडद्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन आत पोहोचवते. दहापैकी दहा चिंचिला बरे झाले. साधे थेंब दिलेल्या आठांपैकी पाच. हे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण ते चिंचिलांचे आहेत, हे विसरता येत नाही. प्राण्यांत यशस्वी ठरलेले प्रत्येक औषध मुलांपर्यंत पोहोचतेच असे नाही.

दोन वर्षांपूर्वी हा विषय मी नववीच्या वर्गात बोलण्याच्या ओघात सांगितला, तेव्हा एक मुलगी उभी राहिली. ‘‘सर, सकाळी आपण पाणातिपाता म्हणतो. मग त्या चिंचिलाचे काय?’’ माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. पुढच्या तासाला मी दिले ते अपुरे होते, तरी येथे नोंदवतो. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाने यज्ञातील पशुहत्या नाकारली, तेथे इच्छा होती, गरज नव्हती. प्रयोग आणि यज्ञ यांत आणखी एक फरक मला दिसतो. यज्ञ करणाऱ्यांनी अर्धे पशू न मारता पाऊस पडतो का, हे कधी पडताळून पाहिले नाही. प्रयोग करणाऱ्याला ते पडताळावेच लागते. मुलगी म्हणाली, ‘‘पण चिंचिलाला दोन्ही सारखेच.’’ ती बसली तेव्हा तास संपला होता.

‘गरज’ हा शब्द फार सैल आहे आणि सबळांनी तो नेहमी आपल्या सोयीने वापरला आहे, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार! म्हणून गरज कोण ठरवतो आणि कशी तपासतो, याला महत्त्व येते. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक आणले होते. त्यातूनच पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. तो प्रयोगांना मनाई करीत नाही. परंतु शक्य तेथे प्रयोग टाळावा, पुस्तके वा प्रतिकृती पुरत असतील तर प्राणी वापरू नये, लहान प्राण्याने भागत असेल तर मोठा घेऊ नये, भूल द्यावी, आणि केवळ हात बसवण्यासाठी प्रयोग करू नये, अशी अपेक्षा त्यात आहे. आमच्या महाविद्यालयीन काळात बेडूक कापले जात ते बहुतेक शेवटच्या कारणासाठीच. १९५९ मध्ये ब्रिटनमधील रसेल आणि बर्च या दोघांनी सांगितलेली तीन सूत्रे आज जगभर मानली जातात: पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर आता पुष्कळ प्राथमिक काम होते. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांची व्यवस्था एकाच दमात सांगितली आहे. वर्गात तो लेख शिकवताना मी हल्ली त्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबतो. कुत्र्या-मांजरांच्या वाहत्या कानांनाही आज हीच औषधे दिली जातात, एवढी परतफेड म्हणायची तर म्हणावी.

त्या विद्यार्थ्याला हा लेख वाचून दाखवला, उजव्या बाजूला बसून, कारण तो कान बरा आहे. तो म्हणाला, ‘‘सर, मला एवढंच आठवतं, तुम्ही बाटली आधी मुठीत धरून गरम करायचात.’’ गार थेंबांनी चक्कर येते, म्हणून मी तसे करीत असे. ते तेवढे मला तेव्हाही बरोबर माहीत होते.

सध्या वसतिगृहात चिठ्ठीशिवाय कानाचे थेंब ठेवत नाहीत, आणि कान कोणत्या तारखेला कोरडा झाला याची नोंद वहीत होते. त्यानंतर डॉक्टरांना विचारल्याखेरीज बाटली उघडायची नाही. महिनाभर वाहणारा कान थेट तज्ज्ञाकडे जातो. धाकटी भावंडे घरी असलेल्या पालकांसाठी एक गोष्ट राहिली. ज्या न्यूमोकोकसचा अभ्यास चिंचिलात झाला, त्याच्याविरुद्धच्या लसींची परीक्षाही त्याच प्राण्यात झाली होती. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस डिसेंबर २०२० मध्ये उपलब्ध झाली. ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नववा महिना अशा तीन वेळा बाळाला द्यायची असते. कार्डावर तिची नोंद पीसीव्ही अशी असते. घरी गेल्यावर कार्ड काढून पाहावे.